संहिता नसलेल्या नाटकाची नोंदणी

दशावतारी नाटकाला संहिता नसते. दिवेलागणीला कंपनीची गाडी जत्रेच्या गावात लागते, मंडळी देवळाच्या बाजूला आरसे मांडून रंगायला बसतात, आणि तोंडाला रंग लागत असतानाच मालक त्या रात्रीचं कथानक सांगतो. राजा कोण, राक्षस कोण, कुठल्या प्रवेशानंतर कोणी बाहेर पडायचं, युद्ध कुठे, नारद कुठे. एवढंच. पुढे आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग, आटोपला की पहाटेपर्यंत जे संवाद चालतात ते रंगमंचावर उभं राहून, समोरच्या पात्राचं ऐकून, तिथल्या तिथे बोललेले असतात. आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना यात काही नवल वाटत नाही. मामाच्या नाटकासाठी वकिलांकडे जायची वेळ येईपर्यंत मलाही वाटलं नव्हतं.

मामाची कुडाळ तालुक्यात स्वतःची छोटी कंपनी आहे. त्याचं एक काल्पनिक आख्यान गेल्या काही हंगामांत चांगलंच गाजलं. एक असुर राज्य बळकावतो, राजाला बंदी करतो आणि राणीला सांगतो, राजपुत्र कुठे लपवलास ते सांग, नवऱ्याला सोडतो. ही कथा पुराणात नाही, मामाने रचलेली आहे. जत्रेची तारीख ठरवायला आलेले गावकरी 'ता राणीचा नाटक होया' असं आधीच बजावून जायचे. मग एका जत्रेत एका हौशी मुलाने ते पूर्ण चित्रित करून इंटरनेटवर टाकलं, आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या एका कंपनीने तेच आख्यान वेगळ्या नावाने लावलं. नुसतं कथानक घेतलं असतं तर मामा बोललाही नसता. कथानकं या कंपनीतून त्या कंपनीत पूर्वापार जात आली आहेत. इथे प्रवेशांचा क्रम, पदं, चाली, इतकंच काय, राणीचं गाजलेलं वाक्यसुद्धा जसंच्या तसं होतं. आणि नाटकाआधी नाव घेतलं जायचं ते भलत्याच माणसाचं.

"पैशांचा काय नाय गो बाय," मामा म्हणाला, "पण नाव तरी घेवक होया."

ओरोसला कॉपीराइटची कामं करणाऱ्या एका वकीलबाई आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "संहिता आणलीय?" मामाने माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे. संहिता त्याच्या डोक्यात होती, आणि अर्धी तर त्याच्याही नाही, सात-आठ नटांच्या तोंडात होती.

मॅडमनी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून कलम २(एच) वाचून दाखवलं. नाट्यकृती म्हणजे काय याची ती व्याख्या. पठणाचा मजकूर, नृत्यरचना, मूकनाट्य हे सगळं तिच्यात येतं, पण त्याची रंगमंचावरची मांडणी किंवा अभिनयाचं रूप लेखनात किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेलं असावं लागतं. निश्चित केलेलं, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर 'हे बघा, हे असं आहे' म्हणून दाखवता येईल असं. हवेत विरून गेलेल्या संवादावर हक्क सांगायचा तर न्यायालय तुलना कशाची कशाशी करणार? मला हे पटलं, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. जी कला न लिहिण्यावरच उभी आहे, तिला कायद्याच्या दारात गेल्यावर आधी लिहून आण असं सांगितलं जातं.

मी घरी येऊन वाचत गेले तसं कळलं की ही अट सगळीकडे सारखी नाही. बर्न करार, म्हणजे कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, हा विषय ज्या त्या देशावर सोडतो. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात कृती एखाद्या मूर्त माध्यमात स्थिर झालेली असलीच पाहिजे. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात ती लेखी किंवा अन्य प्रकारे नोंदली गेली पाहिजे, पण नोंद कोणी केली, लेखकाला विचारून केली की न विचारता, याला महत्त्व नाही. फ्रान्समध्ये नुसतं बोललेलं भाषणही संरक्षण मिळवू शकतं. आपल्या कायद्यात सरसकट सगळ्या कृतींना लागू होईल असं एक कलम नाही, ज्या त्या प्रकाराच्या व्याख्येत बघावं लागतं. संगीताचं उदाहरण तर मामाच्या पेटीवाल्या बुवांना मी मुद्दाम वाचून दाखवलं. १९५७ च्या मूळ व्याख्येत संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांनी उमटवलेली सुरावट होती. १९९४ च्या दुरुस्तीत ती अट गेली, आणि संगीतकाराच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलं गेलं की त्याने चाल स्वरलिपीत उतरवली असो वा नसो, रचणारा तोच संगीतकार. बुवांनी आयुष्यात एक ओळ स्वरलिपी लिहिलेली नाही. ते ऐकून त्यांनी मला तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.

म्हणजे एकाच आख्यानात पदाची चाल न लिहिताही बुवांची राहते, आणि तिच्या आधी-नंतरचा संवाद मात्र कुठेतरी पक्का झाल्याशिवाय कुणाचाच नाही.

'अन्य प्रकारे' या दोन शब्दांत आमची वाट होती. त्या हौशी मुलाचं चित्रीकरण होतंच. मॅडम म्हणाल्या, नाटकाचं रूप निश्चित झाल्याचा हा पुरावा मानता येईल, पण चित्रीकरण ही स्वतःच एक वेगळी कृती आहे. कायद्याच्या लेखी तो चित्रपट, आणि त्याचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन तो केला तो. म्हणजे तो मुलगा. दुसऱ्या बाजूला, कलाकारांनाही हक्क आहेत. कलम ३८ आणि ३८ए प्रमाणे जिवंत सादरीकरण करणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करता येत नाही, आणि हा हक्क ५० वर्षं टिकतो. कलाकारांच्या यादीत नट, गायक, वादक तर आहेतच, कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. यातलं कलम ३८ हेही १९९४ चंच, ३८ए २०१२ मध्ये आलं. १९९४ च्या आधी नटाला असा आधार नव्हता. १९७८ मध्ये देव आनंद यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नटाचा अभिनय ही कायद्यातली 'कृती' नाही असं ठरवलं होतं.

त्या मुलाला शोधून काढलं. वेंगुर्ल्याच्या बाजूचा, कॉलेजात जाणारा. त्याला आपण काही चुकीचं केलंय याची कल्पनाही नव्हती. नाटकाच्या प्रेमापोटी थंडीत रात्रभर तिपाई धरून बसला होता. त्याने मूळ फाइल तारखेसकट दिली, आणि व्हिडिओखाली मामाचं आणि सगळ्या नटांचं नाव घातलं. आम्ही व्हिडिओ काढायला सांगितला नाही. सगळ्या मंडळींनी संमतीपत्रावर सह्या केल्या आणि तो विषय तिथेच मिटला.

खरं काम पुढे होतं. मॅडमचा सल्ला असा की चित्रीकरण पुरावा म्हणून ठेवा, नोंदणी लेखी संहितेची करा. मी शाळेत शिकवते, मे महिन्याची सुट्टी होती, लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. कानाला हेडफोन, समोर वही, आणि पडद्यावर अर्धवट उजेडात मामाचं आख्यान.

पहिल्या प्रवेशातच अडले. व्हिडिओतली रात्र ही एक रात्र. दुसऱ्या जत्रेत तोच राजा तोच संवाद दुसऱ्या शब्दांत बोलतो. मग खरी संहिता कुठली? मी आधी सगळ्या रात्रींना लागू पडेल असा सांगाडा लिहायला घेतला: प्रवेश, पात्रं, काय घडतं, आणि मध्ये कंसात 'येथे पात्राने प्रसंगानुरूप बोलावे'. मॅडमनी तो बाजूला ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सांगितलेलं तत्त्व त्यांनी समजावलं: कल्पना, विषय, कथाबीज, पौराणिक किंवा ऐतिहासिक प्रसंग यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो, असतो तो त्यांच्या मांडणीवर. असुराने राज्य बळकावणं हे कुणाच्याही मालकीचं नाही. माझा सांगाडा म्हणजे जवळजवळ कल्पनाच होती. आणि शब्दन् शब्द पक्का करावा तर उद्या नटांना वाटायचं, आता पाठ करून बोलायचं की काय. मामाला हीच भीती होती. "पाठ केलेला बोलतत ती नाटकाची कंपनी वेगळी," तो म्हणाला.

शेवटी त्या एका रात्रीचं आख्यान पूर्ण, जसं बोललं गेलं तसं लिहायचं ठरलं. प्रस्तावनेत स्पष्ट नोंद घातली की ही अमुक प्रयोगाची संहिता आहे आणि सादरीकरणात कलाकार संवाद बदलू शकतात. लिहून ठेवल्याने नटाच्या तोंडाला कुलूप लागत नाही, हे मामाला पटवायला मला कायद्याच्या कलमापेक्षा जास्त वेळ लागला.

राजे-राण्यांची ग्रांथिक मराठी लिहायला सोपी गेली. विनोदी पात्राची मालवणी लिहिताना मात्र कस लागला, कारण त्याचा अर्धा विनोद समोर बसलेल्या गावकऱ्यांच्या नावावर होता. ती नावं गाळली. युद्धाच्या प्रवेशात संवाद नाहीत, पखवाज, झांज आणि गिरक्या आहेत. तिथे मी कोण कुठल्या बाजूने येतो, बाकड्याला किती फेऱ्या, तलवार कुठल्या हातात, असं सगळं लिहिलं. व्याख्येत अभिनयाच्या रूपाचा उल्लेख आहे, म्हणून मॅडमनी ते आवर्जून लिहायला सांगितलं होतं.

आणि मग राणीचा प्रवेश आला. असुर विचारतो, राजपुत्राची वाट दाखवतेस की कुंकू पुसतेस? राणी थोडी थांबते आणि म्हणते, "ज्या हातानं त्याला घास भरवला, त्याच हातानं त्याची वाट दाखवू? मग हा हात माझा म्हणू कसा, असुरा?" या वाक्याला प्रत्येक जत्रेत टाळ्या पडतात. दुसऱ्या कंपनीच्या राणीनेही हेच वाक्य घेतलं होतं, थांबण्यासकट. आमच्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

मी मामाला विचारलं, हे तुला सुचलं कसं? तो म्हणाला, माका नाय सुचला. आमच्या स्त्रीपार्टीला सुचलं होतं. एका जत्रेत राजपुत्राचं काम करणारा पोरगा आत झोपून गेला होता, त्याला उठवून रंगवेपर्यंत प्रवेश लांबवायला हवा होता. मामाने पडद्याआडून 'वाढव' अशी खूण केली, आणि राणी उभी राहून जे बोलत गेली त्यात हे आलं. दुसऱ्या दिवशी मामाने तिला, म्हणजे त्या नटाला, सांगितलं की हे आता रोज बोल. असुराचं काम करणाऱ्यानेही आपले प्रश्न त्याभोवती फिरवून घेतले. तो अख्खा प्रवेश असा तिघांच्या बोलण्यातून घडत गेलेला.

अर्जात लेखकाचं नाव लिहायचं असतं. इथे आम्ही सगळे थांबलो.

मॅडमनी शक्यता मांडल्या. नटांनी कंपनीशी नोकरीचा करार केला असेल आणि त्या कामाचा भाग म्हणून संवाद रचले असतील, तर कलम १७ प्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसताना पहिला मालक कंपनीचा मालक, म्हणजे मामा. पण आमच्याकडे नट हंगामाची उचल घेतात आणि नाइटप्रमाणे हिशेब होतो, लेखी करार कुणाकडेच नाही. ही नोकरी की नाही यावरच वाद होऊ शकतो. दुसरी शक्यता संयुक्त लेखनाची: दोघा-तिघांनी मिळून केलेलं काम, ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून सुटा काढता येत नाही. एका वाक्यासाठी कदाचित कोणी संयुक्त लेखक ठरणार नाही, पण अख्ख्या प्रवेशाची घडण तशी असेल तर ठरू शकतो.

मी एक तिसरीच शंका काढली. लिहून तर मी काढलंय, मग माझा हक्क लागतो का? मॅडमनी १९०० सालचा एक इंग्लिश खटला सांगितला. लॉर्ड रोझबरी यांची भाषणं 'टाइम्स'च्या बातमीदारांनी शब्दशः टिपून छापली होती, आणि दुसऱ्या प्रकाशकाने ती उचलल्यावर हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, त्या वृत्तान्तांचे लेखक म्हणून बातमीदारांना मान्यता दिली. ऐकून मला कसंसंच झालं. मी हेडफोन लावून लिहिलं म्हणून आख्यान माझं? मी तिथल्या तिथे लिहून दिलं की माझा त्यात कुठलाही दावा नाही, आणि जो काही हक्क निघत असेल तो मूळ कर्त्यांच्या नावे करते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, सही करून, तोंडी चालत नाही. लिहून घेणाऱ्याकडे हक्क सरकण्याची ही भीती मला फार खरी वाटते. कोकणात, घाटावर, कुठेही, निरक्षर बायकांच्या ओव्या आणि बुवांच्या चाली ज्यांनी उतरवून घेतल्या, त्यांचीच नावं पुस्तकांवर मोठ्या अक्षरांत असतात.

मामाने वेळ लावला नाही. "नाटक माझा, पण ता वाक्य तेचा. लिव तेचा नाव." असुराचंही नाव लिहायला त्यानेच सांगितलं. तीन लेखक, तिघेही अर्जदार, मुद्रांक कागदावर आपसांतला करार, उत्पन्नाची वाटणी त्यात. बाकीच्या मंडळींनी आपलं सादरीकरण आहे पण संहितेवर दावा नाही असं लिहून दिलं, आणि त्यांनाही प्रत्येक प्रयोगात श्रेय द्यायचं करारात आलं. संयुक्त लेखनात मुदत शेवटच्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालते. आमची राणी अजून तिशीतही नाही, तेव्हा मामाचं आख्यान त्याच्या पणतवंडांपर्यंत पुरेल.

अर्जाची प्रक्रिया त्या मानाने सरळ होती. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, फॉर्म १४ भरायचा, त्याला जोडून कृतीच्या तपशिलाची विवरणपत्रं, नाट्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. भरलं की डायरी क्रमांक येतो. एका रकान्यात प्रथम प्रकाशनाचं वर्ष आणि देश विचारतात. पुस्तक तर निघालेलं नाही, पण १९९४ पासून प्रकाशनात लोकांपर्यंत पोचवणंही येतं, म्हणून मॅडमच्या मते पहिली जत्रा हेच प्रकाशन. मामाला आठवत होती ती तिथी, सन नाही. गावच्या देवस्थानाकडे जुनी जत्रेची पत्रिका सापडली तेव्हा तो रकाना भरला गेला.

नोंदणी सक्तीची नाही, हे मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. हक्क कृतीबरोबरच जन्मतो. नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते, हा तिचा उपयोग, आणि तोंडी परंपरेतल्या माणसाला पुराव्याचीच तर वानवा असते.

एक अट मला माहीत नव्हती. कृतीवर ज्यांचा दावा असू शकतो किंवा जे अर्जदाराच्या हक्काला हरकत घेतील, त्यांना अर्जाची सूचना द्यावी लागते. म्हणजे त्या दुसऱ्या कंपनीच्या मालकांना रजिस्टर पोस्टाने कळवायचं. ३० दिवसांत हरकत आली तर दोन्ही बाजूंना ऐकून निर्णय होतो. मामाला ते पाकीट पाठवायला जड गेलं. एकाच जत्रेत आलटून पालटून नाटक लावणारी माणसं, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावणारी.

पाकीट मिळाल्यावर त्या मालकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. व्हिडिओवरून बसवलं, त्यावर नाव नव्हतं, आणि आमच्यात असं कोण विचारतं, असं ते म्हणाले. मामा म्हणाला, नाटक बंद करू नका, नाव घ्या. कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून नाव मागण्याचा हक्क कॉपीराइट विकला तरी सुटत नाही, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, त्याने ते बरोबर सांगितलं. पुढे प्रत्येक नाइटमागे एक ठरावीक रक्कम आणि नाटकाआधी तिघांची नावं, असं लेखी ठरलं. हरकत आली नाही. तपासणी होऊन नोंदीचा उतारा यायला बराच काळ गेला, पण आला. त्यावर तिघांची नावं आहेत.

पदांच्या चालींचा अर्ज अजून बाकी आहे. चाल बुवांचीच आहे हे कायदा मानतो, पण नोंदवायची तर ती स्वरलिपीत लिहून द्या असा मॅडमचा सल्ला आहे, आणि बुवांना ते येत नाही. सावंतवाडीचे एक संगीतशिक्षक गणपती आटोपले की बसणार आहेत. बुवा पेटीवर वाजवतील, ते लिहून घेतील, आणि आपला दावा नाही असं लिहूनही देतील. आता बुवांनी एक अडचण काढली आहे. युद्धाच्या पदात मधे पखवाजवाल्याने स्वतःचा एक तुकडा घातलेला आहे, तो लिहिला जाणार असेल तर त्याचंही नाव हवं. याबद्दल मॅडमना विचारायचं आहे.